लाल झाल्यावरही ताठ

रिसोड तालुक्यातलं केनवड हे माझं गाव. मालेगावहून मेहकरकडे जाणारा रस्ता गावाला लागूनच जातो, त्यामुळे आम्हा पोरांना वाचनालयाआधी गॅरेजची ओळख झाली. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की ट्रॅक्टर दिवसभर एकाच रेसवर ओरडत उभे असायचे. हंगाम अर्ध्यावर आला की त्यातला एखादा ‘ओढत नाही’ म्हणून मिस्तरीच्या दारात यायचा. अशाच एका ट्रॅक्टरचं हेड खोललं तेव्हा मी तिथं उभा होतो. मिस्तरीनं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात दिला. त्याच्या गोल डोक्याचा काठ एका जागी खाल्ला गेला होता, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखा. बाकीच्या काठावर काजळी होती. त्या खाचेजवळ मात्र धातू राखाडी-पांढरी पडली होती.

“जयला,” मिस्तरी म्हणाला. लोखंड कसं जळेल, असं मी विचारलं. त्यानं फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक फळीवरून उचललं आणि त्या व्हॉल्व्हला लावलं. दांडीला चिकटलं, डोक्यालाही चिकटलं. मग नव्या, डबीतल्या व्हॉल्व्हला लावलं. “आता पाय.” दांडीला चिकटलं, डोक्यावरून मात्र काच असावी तसं घसरलं. का, ते त्याला सांगता आलं नाही. “जो पुरा चिकटते तो लवकर जयते. डुप्लिकेट माल पुरा चिकटते,” एवढंच तो म्हणाला आणि पेस्ट लावून सीट घासायला बसला.

धातुशास्त्राचा पहिला धडा मला तिथं मिळाला, आणि पुढे कॉलेजात मिळालेल्या पुष्कळ धड्यांपेक्षा तो पक्का निघाला. चुंबकाला न चिकटणारं ते डोकं वेगळ्या जातीच्या पोलादाचं होतं. त्यात सुमारे २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, शिवाय मँगनीज आणि नायट्रोजन. या मिश्रणामुळे अणूंची रचनाच बदलते, चुंबकत्व जातं आणि त्याबरोबर सहाशे-सातशे अंशांना टिकण्याची ताकद येते. दांडीला तेवढी उष्णता सोसावी लागत नाही, तिला घासण्याशी सामना. म्हणून ती साध्या, कडक, चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची. दोन्ही तुकडे एकमेकांवर गरगर फिरवून घर्षणाच्या उष्णतेनंच जोडलेले असतात. बोटभर लांबीच्या एका वस्तूत दोन धातू, कारण तिच्या दोन टोकांना दोन वेगळी आयुष्यं काढायची असतात. या संग्रहातले सगळे लेख शेवटी याच गोष्टीभोवती फिरतात: इंजिनात कुठला भाग किती तापतो, किती वेळ तापतो, आणि तिथं उभं राहायला कोण तयार आहे.

इंजिनाचा इतिहास सांगताना आपण कल्पना सुचलेल्या माणसांची नावं घेतो. पण कल्पना बहुतेक वेळा धातूच्या फार आधी तयार असते. जॉन बार्बर नावाच्या इंग्रजानं गॅस टर्बाइनचं पेटंट घेतलं ते १७९१ साली. हवा दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं, त्या झोतावर चाक फिरवायचं. आजच्या विमानाच्या इंजिनाचं सूत्र तेच आहे. कार्नोनं १८२४ साली दाखवून दिलं की ज्वलन जितकं गरम, तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघू शकतं. तरीही उडण्याजोगं जेट इंजिन यायला १९३९ उजाडलं. मधल्या दीडशे वर्षांत अडलं होतं ते मुख्यतः यावर की लाल होईपर्यंत तापलेलं आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं ताणून लांब होत नाही, अशी धातू कोणाकडे नव्हती.

लांब होणं म्हणजे काय, ते विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. जुन्या माळवदाच्या घरात तुळई पाहिली आहे ना? ती ज्या दिवशी बसवली त्या दिवशी सरळ होती. मातीचा भार तोच, तुळई तीच, पण तीस वर्षांनी मधोमध पोटासारखी खाली आलेली असते. मोडत नाही, पण परतही जात नाही. तापलेली धातू हेच करते, फक्त वर्षांऐवजी तासांत. टर्बाइनचं पातं आणि भोवतीचं कडं यांच्यात फट असते ती अगदी थोडी. पातं तेवढं सरकलं की कड्याला घासलंच. इंग्रजीत याला क्रीप म्हणतात. आम्ही या पुस्तकात ‘सरक’ म्हटलं आहे.

सरक थांबवणाऱ्या धातूंच्या घराण्याला सुपरअलॉय म्हणतात, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष अगदी घरगुती आहे. १९०६ साली पेटंट झालेली निकेल-क्रोमियमची तार, म्हणजे नायक्रोम, आजही शेगडीत आणि इस्त्रीत लाल होते आणि जळत नाही. लंडनच्या माँड निकेल कंपनीतल्या लोकांनी या मिश्रणात थोडं टायटॅनियम आणि थोडं ॲल्युमिनियम घातलं, आणि १९४१ च्या सुमारास ‘निमोनिक ८०’ तयार झाली. ब्रिटनमध्ये जेट इंजिन बनवणाऱ्या व्हिटलला हवी होती ती पाती तिच्यातून मिळाली. गंमत अशी की त्या चिमूटभर ॲल्युमिनियमनं आत काय घडतं, ते तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसतही नव्हतं. करून पाहिलं, टिकलं, म्हणून वापरलं. आमच्या मिस्तरीच्या चुंबकाची आणि या प्रयोगाची जात एकच.

त्याच वेळी जर्मनीत काय चाललं होतं, ते या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं पान. जर्मन इंजिनिअरांकडे कल्पना होती, कारखाने होते, निकेल नव्हतं. म्हणून त्यांच्या युमो ००४ इंजिनाचे ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे केले आणि गंजू नये म्हणून वर ॲल्युमिनियमचा थर दिला. पाती पोकळ केली आणि आतून थंड हवा खेळवली. इंजिनाचं आयुष्य पंचवीस तासांच्या आसपास भरायचं, पुष्कळदा त्याहून कमी. युद्धात ते हरले. मात्र पोकळ पात्यातून हवा खेळवण्याची त्यांची नाइलाजाची युक्ती आज जगातल्या प्रत्येक मोठ्या जेट इंजिनात आहे. पलीकडे अमेरिकेत टर्बोसुपरचार्जरच्या पात्यांसाठी शोधाशोध सुरू होती, तेव्हा दातांच्या कवळीसाठी वापरली जाणारी कोबाल्टची एक मिश्रधातू कामी आली. दंतवैद्याकडून विमानाकडे, असा प्रवास.

आता त्या चिमूटभर ॲल्युमिनियमकडे वळू, कारण सगळं मर्म तिथंच आहे. निकेलमध्ये ॲल्युमिनियम पुरेसं झालं की धातू थंड होताना तिच्यात निकेल-ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म ठोकळे तयार होतात, एका मिलिमीटरात दोन हजार मावतील एवढे. आजच्या चांगल्या पात्यात हे ठोकळेच साठ-सत्तर टक्के जागा व्यापतात. मधला उरलेला भाग गाऱ्यासारखा. दगडी भिंत डोळ्यांपुढे आणा, दगड जास्त आणि मसाला कमी. पण भिंतीत नसलेला एक गुण या ठोकळ्यांत आहे. बहुतेक धातू तापल्या की मऊ पडतात; हे ठोकळे सुमारे सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवत गेलं तर उलट अधिक घट्ट होत जातात. निसर्गानं अशी सवलत फार थोड्या पदार्थांना दिली आहे. तिच्या जोरावर ऐंशी वर्षं विमानं उडत आहेत.

या क्षेत्रातली घराणी ढोबळमानानं कामाच्या पद्धतीवरून पडली. एक घराणं घडवणाऱ्यांचं: तापलेला ठोकळा दाबून चकती किंवा दांडा काढणारे. आपल्याकडे मुंढव्याच्या भारत फोर्जनं क्रँकशाफ्ट घडवत ज्या विद्येत नाव कमावलं, तिचंच हे वरच्या इयत्तेतलं रूप. या घराण्याची राणी म्हणजे हर्बर्ट आयझेलस्टाइननं काढलेली, १९६२ साली पेटंट झालेली ‘इन्कोनेल ७१८’. ती घडवताही येते, वेल्डही होते, म्हणून जेट इंजिनात वजनानं सर्वांत जास्त तीच सापडते. यंत्रावर कापताना मात्र ती सूड उगवते. एका कारखान्यात शिकाऊ असताना मी तिचा तुकडा साध्या पोलादाच्या वेगानं लेथवर घेतला होता. टूलचं टोक डोळ्यांदेखत लाल झालं आणि गेलं. तुकड्यावर जी चकाकी आली तिच्यावर पुढचं टूलही सरकेना. ही धातू घाव बसेल तिथं आणखी कडक होते, हे वाचलेलं होतं. कळलं त्या दिवशी.

दुसरं घराणं ओताऱ्यांचं, आणि मला विचाराल तर खरी कला यांची. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत धातू ओतायची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात मूर्ती ओतण्यासाठी हीच रीत सांगितली आहे. टर्बाइनचं पातं आजही असंच ओततात. माती बदलली, भट्टी निर्वात झाली, आणि आतले हवेचे मार्ग ठेवण्यासाठी साच्यात चिनी मातीसारखा गाभा बसवून नंतर तो रसायनानं विरघळवून काढतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत व्हरस्नायडर यांनी या ओतकामात एक विचार घातला. धातूत असंख्य कण असतात आणि सरक सुरू होते ती कणांच्या सांध्यांतून. मग सांधेच आडवे येऊ दिले नाहीत तर? साचा भट्टीतून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या सावकाश खाली उतरवायचा, म्हणजे कण उसासारखे उभे वाढतात. पुढची पायरी म्हणजे साच्याच्या तळाशी पिळदार नळी ठेवायची. तिच्या वळणांत बाकी सगळे कण अडकून राहतात आणि एकच वर पोचतो. सबंध पातं मग एकाच स्फटिकाचं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी पाती प्रवासी विमानांत बसली.

आपला देश नेमका इथं अडखळला. तेजस या लढाऊ विमानासाठी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ साली मंजूर झाला. तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. हैदराबादेत धातू वितळवणारी मिधानी १९७३ पासून आहे, संशोधन करणारी डीएमआरएल त्याआधीपासून आहे. त्या डीएमआरएलनं एप्रिल २०२१ मध्ये एका हेलिकॉप्टर इंजिनासाठी एकस्फटिकी ६० पाती विमानं बनवणाऱ्या एचएएलला दिली. बातमी छोटी आली, पण माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या फार मोठ्या बातम्यांपैकी ती एक. साठ पाती म्हणजे कारखाना नव्हे, हे खरं. जून २०२३ मध्ये अमेरिकेची जीई आणि एचएएल यांच्यात एफ-४१४ इंजिन इथं बनवण्याचा सामंजस्य करार झाला. तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकाच प्रश्नावर होतं: गरम भागांची विद्या किती मिळणार? इंजिनाचं चित्र कोणीही देतो. पात्याचं ओतकाम कोणी देत नाही.

संमिश्रांबद्दल, म्हणजे कंपोझिटांबद्दल, मी इतका भारावलेला नाही, आणि या संग्रहातल्या दोन लेखकांशी माझा त्यावरून वादही झाला. धातूत चिनी मातीचे धागे किंवा कण मिसळायचे, म्हणजे हलकेपणा धातूचा आणि कडकपणा मातीचा, ही कल्पना गेली चाळीस वर्षं ‘आता येणार’ म्हणून गाजते आहे. टोयोटानं १९८३ साली डिझेलच्या पिस्टनमध्ये रिंगेच्या खाचेपाशी असे धागे बसवले, तेव्हा वाटलं होतं की आता पिस्टन बदलणार. पण किंमत, कापताना टूलची होणारी दैना आणि भंगारातून धातू परत मिळवण्याची अडचण यांनी वाट रोखली. आपल्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये त्या जागी आजही निकेलयुक्त बिडाची कडी ॲल्युमिनियममध्ये ओतलेली असते. बाजारात त्याला अल्फिन पिस्टन म्हणतात. पण डोळे उघडे ठेवून पाहिलं तर साधा पिस्टनही गरिबाचं संमिश्रच आहे: मऊ ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कडक कण. चाकणला बनणाऱ्या केटीएम मोटारसायकलींच्या सिलिंडरवरही निकेलात सिलिकॉन कार्बाइडचे कण गुंफलेला निकसिलचा थर असतो. गंधक या थराचा शत्रू. १९९० च्या दशकात युरोपातल्या काही महागड्या मोटारींचे सिलिंडर इंधनातल्या गंधकानं खाल्ले होते.

इथं एक घोटाळा दूर करतो, कारण नागपूरच्या वर्तमानपत्रांनी तो पुष्कळ वाढवला. मिहानमधल्या टाटांच्या ‘टाल’ कारखान्यात बोइंग ७८७ साठी संमिश्राच्या फ्लोअर बीम बनल्या. विदर्भाला अभिमान वाटावा असंच ते काम, पण ती कार्बन धाग्याची आणि राळेची संमिश्रं. त्यांना प्रवाशांचं वजन पेलायचं, ज्वाळा नाही. इंजिनाच्या गरम भागात आज खरी मजल मारली आहे ती चिनी मातीतच चिनी मातीचे धागे घातलेल्या संमिश्रांनी. २०१६ पासून सेवेत असलेल्या लीप इंजिनात टर्बाइनभोवतीचं कडं त्यांचं असतं. आपल्या आकाशातली कितीतरी विमानं याच इंजिनावर उडतात. धातूच्या जागी माती आली, असं म्हटलं तरी चालेल. सर्वांत गरम पात्यांच्या जागी मात्र अजून निकेलच.

‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता इंजिनाच्या धातूंवर पुस्तक कशाला?’ असं एका प्रकाशकानं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याला मी उरणचं आणि दाभोळचं वीज केंद्र दाखवलं: तिथं नैसर्गिक वायू जाळून जी चाकं फिरतात ती याच धातूंची. विमान बॅटरीवर पुण्याहून दिल्लीला जायला वेळ आहे. आणि रस्त्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण-निकष लागू झाले, त्यानंतर डिझेल इंजिन अधिकच नाजूक हिशोबाचं झालं. आज टर्बो नसलेला ट्रक शोधावा लागतो. त्या टर्बोचं मुठीएवढं चाक म्हणजे विमानाच्या पात्याचं धाकटं भावंड: निकेलचं सुपरअलॉय, मेणाच्या नमुन्यावरून ओतलेलं, मिनिटाला लाखभर फेरे घेणारं. समृद्धी महामार्गावरून वाशिम जिल्हा ओलांडताना इंजिन तासन्‌तास दमात असतं. गाडी ढाब्यावर लागते आणि ड्रायव्हर तडक चावी फिरवतो. चाक तापलेलंच असतं, पण बेअरिंगचं तेल थांबतं आणि जागीच जळून कोळसा होतं. दोन मिनिटं स्लो ठेवून मग बंद करा, असं कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, बहुतेकदा इंग्रजीत.

इथून भाषेच्या मुद्द्यावर येतो. किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्यानं १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची बातमीपत्रिका पुढे मराठीतलं नामांकित मासिक झाली, कथा-कविता छापू लागली. साहित्याचा त्यात लाभच झाला. यंत्राबद्दल मराठीत लिहिणाऱ्यांची ओळ मात्र विरळ होत गेली. आज ‘धातुकाम’सारखं मासिक यंत्रावरचं काम मराठीत नेटानं सांगतं, पण धातूच्या पोटात काय चालतं, ते सांगणारं पुस्तक मला सापडलं नाही. म्हणून हा उद्योग. परिभाषेच्या बाबतीत आम्ही सोवळं पाळलेलं नाही. गॅरेजमध्ये जो शब्द चालतो तो ठेवला: व्हॉल्व्ह, लायनर, रिंग, टर्बो. ‘सुपरअलॉय’ला संस्कृत नाव देण्याचा मोह आवरला. जिथं मराठीत आधीच चांगला शब्द होता, जसा ओतकाम, घडाई, पाणी देणं, तिथं इंग्रजी येऊ दिलं नाही.

हे पुस्तक आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांसाठी आहे, त्यांच्या शिक्षकांसाठी आहे, आणि हातावर ग्रीस असलेल्या त्या माणसांसाठी आहे ज्यांना ‘काय होतं’ हे ठाऊक आहे पण ‘का होतं’ ते कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे लेखांचा क्रम शास्त्राच्या पाठ्यपुस्तकासारखा नाही. आधी जळलेला, वाकलेला, चिरलेला भाग, मग त्यामागचं कारण, मग त्यावर जगानं काढलेला उपाय. गणित आहे, पण दहावीच्या पुढे नेलेलं नाही. आराखडे सांगणारे, विकत घ्यायला शिकवणारे लेख घेतले नाहीत. खाणींची बाजू अपुरी राहिली, हे कबूल करतो. निकेलसाठी आपण जवळजवळ पूर्णपणे परदेशावर अवलंबून आहोत आणि कोबाल्टच्या खाणीत कोण राबतं हा प्रश्न वेगळं पुस्तक मागतो. केनवडहून फार लांब नसलेल्या लोणारला उल्का आदळली तेव्हा उडालेल्या काचमण्यांत संशोधकांना निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम यांचं वाढलेलं प्रमाण सापडलं. सुपरअलॉयची तीन मुख्य नावं हीच. मणी वाळूच्या कणाएवढे, तेव्हा कोणी तिकडे फावडं घेऊन जाऊ नये.

वाचकाला एकच विनंती. पहिला लेख वाचायच्या आधी गावातल्या गॅरेजमध्ये जाऊन भंगाराच्या भावात एक जुना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि एक फुटका अल्फिन पिस्टन घ्या. जुन्या स्पीकरचं चुंबक घरात सापडेलच. व्हॉल्व्हला दांडीपासून डोक्यापर्यंत लावत जा आणि सुटतं तिथं खडूची खूण करा. जोड तिथंच आहे. मग ते पिस्टनच्या पहिल्या खाचेतल्या बिडाच्या कडीला लावा, बीड असूनही चिकटणार नाही. का, ते आत आहे. पिस्टन करवतीनं हवा तर उभा कापून पाहा. व्हॉल्व्ह मात्र कापू नका. काही व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते, आत सोडियम भरलेलं असतं, आणि पाणी लागलं की ते पेट घेतं.